'हाइबाने रेन्मेई' : संथ अद्भुताचे स्वरूप

१

अद्भुतकथेचे आकर्षण कशात असते, या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. लोकव्यवहारात न आढळणाऱ्या घटना तिच्यात घडतात, हे एक. आणि त्या इतक्या त्वरेने घडतात की प्रेक्षकाला शंका घेण्यास उसंत मिळत नाही, हे दुसरे. चमत्कार आणि वेग या दोन खांबांवर अद्भुताचा मंडप उभा असतो, अशी ही समजूत आहे. जपानी दूरचित्रवाणीवर २००२ साली प्रक्षेपित झालेली 'हाइबाने रेन्मेई' ही तेरा भागांची ॲनिमे मालिका या समजुतीला बाध आणणारी आहे. तिच्यातील माणसांना पंख आहेत, पण त्या पंखांनी उडता येत नाही. मस्तकावर तेजोवलय आहे, पण ते साच्यात घडवलेले असून नायिकेच्या डोक्यावर तर ते आरंभी तारेने बांधून बसवावे लागते. पहिल्या पाच भागांत घटना म्हणावी असे फार थोडे घडते; आणि अखेरचा भाग संपल्यावरही कथेने उभे केलेले मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतात. असे असूनही दोन दशकांनंतर या मालिकेचा रसिकवर्ग टिकून आहे, आणि तो तिच्याकडे पुनःपुन्हा वळतो.

या आकर्षणाची जी उपपत्ती सहसा लावली जाते ती दोन प्रकारची आहे. काही जण मालिकेकडे कूट म्हणून पाहतात. हे नगर म्हणजे मृत्यूनंतरचा मुक्काम आहे काय, पंख कशाचे प्रतीक, भिंत कशाचे, अशी उकल करण्यात त्यांना रस वाटतो. दुसरे काही जण तिच्या संथपणालाच मोहतात. जुने दगडी घर, सकाळचा पाव, पवनचक्क्या, हिवाळ्यातील बर्फ यांच्या चित्रणाने मनाला विसावा मिळतो, असे ते म्हणतात. ही दोन्ही मते खोटी नाहीत, परंतु अपुरी आहेत. पहिले मत रहस्याचा विचार करते आणि संथपणाला केवळ विलंब समजते. दुसरे मत संथपणाचा आस्वाद घेते आणि रहस्याला केवळ पार्श्वभूमी मानते. वस्तुतः या कृतीत रहस्य आणि संथ गती ही एकाच रचनातत्त्वाची दोन अंगे आहेत, आणि ते तत्त्व एका नैतिक प्रश्नाशी निगडित आहे. आपल्याला ज्याचे दुःख कळलेले नाही त्याला साहाय्य करता येते काय, आणि आपण साहाय्यास पात्र नाही असे ज्याला वाटते त्याने ते स्वीकारावे काय, हा तो प्रश्न होय.

२

मालिकेचे कर्ते आबे योशितोशी हे मूलतः चित्रकार. १९९८ सालच्या 'सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन' या मालिकेतील पात्रांच्या मूळ आरेखनामुळे त्यांचे नाव प्रथम सर्वत्र झाले. 'हाइबाने रेन्मेई'चा उगम त्यांनी स्वतःच प्रकाशित केलेल्या चित्रकथेच्या पुस्तिकांत आहे. दूरचित्रवाणीसाठी पटकथाही त्यांनीच लिहिली. दिग्दर्शन तोकोरो तोमोकाझु यांचे व संगीत ओतानी को यांचे. ऑक्टोबर ते डिसेंबर २००२ या काळात फुजी दूरचित्रवाणीवर ती दाखविली गेली. शीर्षकातील 'हाइ' म्हणजे राख, 'हाने' म्हणजे पंख वा पीस, आणि 'रेन्मेई' म्हणजे संघ. म्हणून 'राखपंख्यांचा संघ' असा त्याचा अर्थ सांगता येईल.

कथानक थोडक्यात असे. एक मुलगी आकाशातून खाली पडत असल्याचे स्वप्न पाहते. एक कावळा तिच्या वस्त्राचे टोक चोचीत धरून तिला मागे ओढू पाहतो. ती जागी होते ती एका प्रचंड कोशात. कोश फोडून ती बाहेर येते तेव्हा तिला पूर्वायुष्यातील काहीही आठवत नाही. ज्या स्वप्नातून जो आला त्यावरून त्याचे नाव ठेवावयाचे, अशी तेथील रीत असल्यामुळे तिचे नाव 'राक्का', म्हणजे पतन, असे पडते. उंच भिंतीने वेढलेल्या ग्ली नावाच्या नगराबाहेरच्या एका जुन्या वास्तूत रेकी, नेमू, हिकारी, काना व कू या राखपंखी मुलींबरोबर ती राहू लागते. भिंतीपलीकडे पक्ष्यांखेरीज कोणी जाऊ शकत नाही. मुखवटे धारण करणाऱ्या 'तोगा' नामक व्यापाऱ्यांनाच काय ती ये-जा करण्याची मुभा आहे, आणि त्यांच्याशी बोलणे नगरवासीयांना निषिद्ध आहे. राखपंख्यांच्या जीवनाचे नियमन करणारा संघ एका मंदिरात आहे, आणि त्याच्या वतीने बोलणारा 'संवादक' मुखवट्याआड असतो. ज्याची वेळ भरते तो राखपंखी एके दिवशी भिंतीपलीकडे निघून जातो. कोठे जातो, हे कोणालाही ठाऊक नाही.

३

भरताने विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव मानला आहे. विस्मय आणि कुतूहल यांत भेद आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. कुतूहलाला उत्तर हवे असते, आणि उत्तर मिळताच ते शमते; म्हणून केवळ कुतूहलावर उभारलेली रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचताना निःसत्त्व वाटते. विस्मयाचे तसे नाही. ज्या वस्तूचे कारण कळलेले नाही, आणि कदाचित कळणारही नाही, अशा वस्तूच्या सान्निध्यात राहिल्याने तो टिकतो. 'हाइबाने रेन्मेई' प्रेक्षकाच्या मनात आरंभी कुतूहल जागे करते आणि हळूहळू त्याचे विस्मयात रूपांतर घडवून आणते. हे रूपांतर साधण्याचे तिचे साधन मात्र अनपेक्षित आहे. ते साधन म्हणजे नियम.

या नगरात चमत्कार फार थोडे व मर्यादा फार आहेत. राखपंख्यांनी पैसा वापरावयाचा नाही. संघाने दिलेल्या वहीतील पान फाडून द्यावयाचे व वस्तू घ्यावयाची. त्यांनी नवे वस्त्र नेसावयाचे नाही, दुसऱ्यांनी वापरून टाकलेलेच वापरावयाचे. राहावयाचे तेही इतरांनी सोडून दिलेल्या वास्तूंत. प्रत्येकाने काही ना काही काम केलेच पाहिजे. मंदिरात अनुज्ञेवाचून बोलावयाचे नाही. पंखांना घंटा बांधून त्यांच्या हालचालीने होकार वा नकार कळवावयाचा. भिंतीला स्पर्श करावयाचा नाही. यांपैकी कोणत्याच नियमाचे कारण सांगितले जात नाही, आणि जुन्या राखपंख्यांनाही ते माहीत नाही. परंतु कारण माहीत नसताना नियम पाळणे, त्यातून कधी वाट काढणे, कधी त्याची थट्टा करणे हे त्या सर्व जणी इतक्या स्वाभाविकपणे करतात की, अज्ञात हे त्या जगाचे दैनंदिन वास्तव होऊन बसते. रहस्य येथे दूरच्या गुहेत दडलेले नसते. ते पाव विकत घेताना फाडलेल्या वहीच्या पानात असते.

आबे यांनी मुराकामी हारुकी यांच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीचे ऋण मान्य केले आहे. त्या कादंबरीतील 'जगाचा शेवट' नामक नगरही भिंतीने वेढलेले आहे, तेथेही नवागताला पूर्वस्मृती उरत नाही, आणि तेथेही केवळ पक्षीच भिंत ओलांडू शकतात. साम्य उघड आहे. तथापि भेद अधिक उद्बोधक आहे. मुराकामी यांच्या कादंबरीत ते नगर नायकाच्याच अंतर्मनात घडलेले असल्याचे वाचकाला कळते. रहस्याची किल्ली एका व्यक्तीच्या मनात सापडते. 'हाइबाने रेन्मेई'त अशी किल्ली नाही. राक्काचे स्वप्न पतनाचे आहे आणि रेकीच्या स्वप्नाचा शेवट आगगाडीच्या रुळांवर होतो, यावरून ही स्वप्ने म्हणजे मृत्यूच्या स्मृती असाव्यात असा तर्क करता येतो. पण मालिका या तर्काला दुजोराही देत नाही व त्याचे खंडनही करीत नाही. शिवाय हे नगर एका मनाचे नाही, अनेकांचे आहे. तेथे पंख नसलेली साधी माणसेही संसार करतात, मुलांना जन्म देतात, दुकाने चालवितात. त्यामुळे एकाकी नायकाचा अंतःशोध हा मुराकामी यांचा विषय आबे यांच्या हाती सहजीवनाचा विषय बनतो. रहस्य न उकलण्याचा निर्णय या बदलातून आलेला आहे. भिंत काय आहे हे कळले असते, तर कथेचे लक्ष भिंतीकडे गेले असते. ते न कळल्यामुळे भिंतीच्या आत एकमेकांशी कसे वागावे, याकडे ते राहते.

४

आता गतीचा विचार. जपानी दूरचित्रवाणीवरील चित्रमालिकांत स्थिर चित्रांचा व मंद हालचालींचा वापर पुष्कळ असतो, आणि त्याचे मूळ अर्थकारणात आहे. तेझुका ओसामू यांच्या संस्थेने १९६३ साली 'तेत्सुवान आतोमू' ही मालिका दर आठवड्यास सादर करावयास घेतली तेव्हापासून चित्रांची संख्या कमी ठेवून काम भागविण्याची पद्धत रूढ झाली. अशी काटकसर बहुधा वेगवान संकलनाने झाकली जाते. 'हाइबाने रेन्मेई' ती झाकीत नाही. रिकामे दालन, वाऱ्याने हलणारा पडदा, बोलण्यापूर्वीची स्तब्धता यांवर चित्र रेंगाळते. मातकट व राखाडी रंगसंगती आणि ओतानी यांचे मितभाषी संगीत त्या रेंगाळण्याला जड होऊ देत नाही.

परंतु केवळ रेंगाळणे म्हणजे गुण नव्हे. संथपणा सार्थ केव्हा होतो, तर त्या काळात काहीतरी साठत जाते तेव्हा. पहिल्या पाच भागांत राक्का एकेका मैत्रिणीबरोबर तिच्या कामावर जाते: हिकारीबरोबर पावाच्या भट्टीवर, कानाबरोबर घड्याळाच्या मनोऱ्यात, नेमूबरोबर ग्रंथालयात. प्रेक्षकाला प्रत्येकीचे घर, हात, बोलण्याची लकब, रुसण्याची रीत परिचित होते. त्यांत वयाने लहान, पण राक्काच्या आधी आलेली म्हणून मोठेपणाचा आव आणणारी कू आहे. आपल्या आत एक पेला असून तो थेंबाथेंबाने भरत आला आहे, अशा आशयाचे ती राक्काजवळ बोलून दाखविते. सहाव्या भागात कू निघून जाते. अरण्यावर प्रकाशाचा एक स्तंभ दिसतो, आणि मागे उरते ते तिचे विझलेले वलय.

या प्रसंगाचा परिणाम त्यापूर्वीच्या संथपणावाचून शक्य नव्हता. कू नायिका नाही. तिच्या जाण्याने कथानकाची कोणतीही गाठ सुटत नाही. जे जाते ते एवढेच, की स्वयंपाकघरातील एक जागा रिकामी होते. शोकाला विषय असा एखादा दुर्मिळ गुण नसतो, सवय हाच त्याचा विषय असतो, हे सत्य या मालिकेला ठाऊक आहे. आणि सवय दाखवावयाची तर वेळ द्यावाच लागतो. पेला थेंबाथेंबाने भरतो ही कूची प्रतिमा मालिकेच्या गतीलाही तंतोतंत लागू पडते. या 'घरटे सोडण्याच्या दिवसा'साठी जपानीत 'सुदाची' हा पक्ष्याच्या पिल्लाबाबत वापरला जाणारा साधा शब्द योजिला आहे, हेही लक्षणीय होय. जाणाऱ्याच्या दृष्टीने ते उड्डाण आहे; राहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र मागे घरटेच तेवढे उरते. मालिका आपली दृष्टी राहणाऱ्यांच्या बाजूला ठेवते.

५

कूच्या जाण्यानंतर राक्काच्या पंखांवर काळे डाग उमटू लागतात. ती कात्रीने ती पिसे कापू पाहते, आणि तेव्हा रेकी आपले गुपित उघड करते. रेकी कोशातून बाहेर आली तीच काळ्या पंखांनी. ती 'पापग्रस्त' आहे, आणि वनस्पतींपासून केलेल्या रंगद्रव्याने आपला काळिमा लपवीत आली आहे. येथून मालिकेचा खरा विषय उलगडू लागतो. राक्का पश्चिमेच्या अरण्यात एका कोरड्या विहिरीत पडते. तेथे तिला एका पक्ष्याची हाडे सापडतात, आणि स्वप्नातील कावळा म्हणजे आपल्याला थांबवू पाहणारे, आपल्यावर माया करणारे कोणीतरी होते, अशी जाणीव तिला होते. विहिरीतून सुटका झाल्यावर संवादक तिला एक कोडे घालतो. जो स्वतःचे पाप ओळखतो त्याला पाप उरत नाही. तर मग तू पापी आहेस काय? पाप ओळखले म्हणावे तर ती निष्पाप ठरते. निष्पाप समजावे तर पाप ओळखलेले राहत नाही. संवादक याला पापाचे वर्तुळ म्हणतो.

हे वर्तुळ तर्काने तुटणारे नाही, कारण दोन्ही टोकांना निर्णय देणारा तोच एक मनुष्य आहे. स्वतःच आरोपी आणि स्वतःच न्यायाधीश असलेल्याचा खटला कधी संपत नाही. राक्काची सुटका होते ती तिने उत्तर शोधले म्हणून नव्हे, तर विहिरीच्या तळाशी आपण एकटे नव्हतो हे तिला आठवले म्हणून. बाहेरचा कोणीतरी या वर्तुळात हात घालतो तेव्हाच ते तुटते.

रेकीची शोकांतिका अशी की, हे सूत्र तिला लागू पडत नाही, किंबहुना ती ते लागू पडू देत नाही. तिला बालपणी सांभाळणारी कुरामोरी एके दिवशी निघून गेली, आणि तेव्हापासून विश्वास टाकणे म्हणजे फसविले जाणे असे तिच्या मनाने घेतले. अखेरच्या भागात ती राक्काला सांगते की, आपण दाखविलेली सारी माया स्वार्थाची होती. नव्या राखपंख्याची सेवा केल्यास आपल्याला क्षमा मिळेल, या आशेने ती केली. आणि राक्का पापमुक्त झाली तेव्हा आपल्याला तिचा मत्सरच वाटला.

या कबुलीजबाबाने प्रेक्षकाला मागे वळून पाहावे लागते. पहिल्याच भागात राक्काच्या पाठीतून पंख फुटतात ते ज्वर, वेदना आणि रक्त यांसह. रक्त वाळले तर पिसांवर डाग राहतील म्हणून रेकी रात्रभर जागून ती पिसे स्वच्छ करते. या प्रसंगाला मालिकेने भरपूर वेळ दिलेला आहे. तेव्हा तो कथेत कशासाठी आहे हे कळलेले नसते. आता प्रश्न उभा राहतो: ती सेवा सौदा होती काय? हेतू अशुद्ध असेल तर कृतीही अशुद्ध ठरते काय? मालिका हेतूची बाजू घेत नाही. राक्काचे पंख स्वच्छ झाले, ही गोष्ट प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेली आहे, आणि रेकीने स्वतःविषयी काहीही म्हटले तरी ती नाहीशी होत नाही. संथ गतीने जे साठविले होते ते येथे साक्ष म्हणून उभे राहते. रेकीच्या बाजूने बोलणारा पुरावा तिच्या भाषणात नाही, तिच्या हातांत आहे. आणि ते हात पाहावयास प्रेक्षकाला वेळ दिला गेला नसता, तर तिच्या कबुलीवर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नसते.

अखेरीस रेकीला हवे असते ते एकच कृत्य. आजवर तिने कोणाकडेही साहाय्य मागितलेले नाही. आगगाडी अंगावर येत असल्याच्या त्या भीषण दृश्यात ती राक्काला हाक मारते, आणि ती हाकच तिची मुक्ती ठरते. या ठिकाणी नामांतराची जी योजना आहे ती भाषेच्या अभ्यासकाने पाहण्यासारखी आहे. 'रेकी' हा उच्चार दोन चिन्हांचा होऊ शकतो. एकात दगडाचे मूळ चिन्ह असून त्याचा अर्थ खडा. दुसऱ्यात गाडीचे मूळ चिन्ह असून त्याचा अर्थ चाकाखाली चिरडणे. उरलेले अंग दोहोंत एकच आहे. तिचे खरे नाव दुसरे असल्याचे उघड होते, आणि सुटकेनंतर तिला पहिले परत मिळते. राक्काचेही तसेच: 'पतन' हा अर्थ जाऊन त्याच उच्चाराचे 'गुंफलेले फळ' असे नाव तिला लाभते. नाव उच्चारणाऱ्याला फरक ऐकू येत नाही. भूतकाळ पुसला जात नाही, त्याचा अर्थ तेवढा बदलतो.

६

मालिका निर्दोष आहे असे मात्र म्हणता येणार नाही. रेकीच्या मनातील व्यथा राक्काला कळते ती तिच्या दैनंदिनीतून. अंतर्मन उघड करण्याचा हा मार्ग कथेच्या एकंदर संयमाशी विसंगत, सोपा आहे. रेकीने आपल्या दालनाच्या भिंतींवर रंगविलेले स्वप्न अखेर मूर्त रूपात अवतरते, तेव्हा आजवर सूचनेने चाललेले काम एकदम अभिधेने होऊ लागते. पहिल्या पाच भागांना लाभलेली उसंत शेवटच्या भागाला असती, तर हा दोष पुष्कळसा टळला असता. नामांतराची योजनाही जपानी लिपी न जाणणाऱ्या प्रेक्षकाला बाहेरून समजावून द्यावी लागते.

याहून गंभीर आक्षेप संघासंबंधी आहे. एखादे मूल जन्मतःच काळ्या पंखांचे असावे आणि त्याला पापग्रस्त म्हणावे, मुदतीत मुक्ती न मिळाल्यास पंख व वलय गमावून त्याने इतरांपासून दूर जगावे, ही व्यवस्था क्रूर आहे. संवादक दयाळू असला तरी व्यवस्थेविषयी तो मौन पाळतो, आणि मालिकाही त्याच्याबरोबर मौन पाळते. नियमांचे कारण न सांगण्याने विस्मय टिकतो हे खरे. पण त्याच मौनाने अन्यायालाही आश्रय मिळू शकतो, याचे भान येथे पुरेसे दिसत नाही. याला एवढेच उत्तर देता येईल की, पात्रांच्या मनाने व्यवस्थेला दिलेला कौल अंतिम ठरत नाही. नेमू, काना, हिकारी यांपैकी कोणीही रेकीला पापी म्हणून वागवीत नाही. नेमू तर तिच्यासाठीच वर्षानुवर्षे मागे राहिल्यासारखी वाटते. व्यवस्थेवर टीका नाही, परंतु तिला वळसा घालून जगणारी माया आहे. हे उत्तर पूर्ण समाधानकारक नाही, आणि मालिकेच्या मर्यादांची नोंद करताना ते तसेच राहू द्यावे हे उचित.

७

या विवेचनातून संथ व रहस्यमय अद्भुताच्या आकर्षणाविषयी काही निष्कर्ष काढता येतात. अद्भुताला वेग आवश्यक नाही. अपरिचित जगातील नित्यक्रम पुरेशा निष्ठेने दाखविला, तर तोच विस्मयाचे अधिष्ठान होतो. रहस्य उकलणेही आवश्यक नाही. मात्र न उकलण्याचे कारण कृतीच्या आशयात असले पाहिजे, अन्यथा ती केवळ लपवाछपवी ठरते. येथे ते कारण आहे. राक्काला रेकीचा भूतकाळ शेवटपर्यंत पुरता कळत नाही, तरी ती तिला वाचविते. प्रेक्षकालाही त्या जगाचे मर्म कळत नाही, तरी तो त्यातील माणसांच्या सुखदुःखात गुंततो. कळण्यापूर्वीच जवळ जाणे ही जी राक्काची कृती, तीच प्रेक्षकाकडूनही करवून घेतली जाते, आणि यासाठीच त्याला उत्तरे नाकारून वेळ दिला जातो.

रेकी गेल्यानंतर राक्काला जुन्या वास्तूत नवे कोश उगवलेले दिसतात. आता पिसे धुण्याचे काम तिचे आहे. ते कोश कोठून आले, हे तिला आरंभी जितके ठाऊक होते त्याहून अधिक आता ठाऊक नाही. रात्रभर जागावे लागेल, एवढे मात्र तिला ठाऊक आहे.